थोडं कमी सांगा

अण्णांना बरं व्हायचं नव्हतं. मरायचंही नव्हतं म्हणा. मधल्या मध्ये कुठेतरी रेंगाळायचं होतं.

हृदयाचे ठोके वाट्टेल तसे पडू लागले, चार पायऱ्यांत धाप लागू लागली, तेव्हा लेक त्यांना त्यांच्या रिकाम्या घरातून उचलून आपल्याकडे घेऊन आली. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरताहेत, त्या धांदलीत हृदय थकलंय आणि पंपिंग पस्तीस टक्क्यांवर आलंय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मग मांडीतल्या शिरेतून बारीक नळी आत नेऊन गडबडीच्या ठोक्यांच्या वाटा डागून बंद केल्या. "बरे झालात की खुशाल आपल्या घरी जा," असं लेक तेव्हा धीर द्यायला म्हणाली होती. अण्णांनी नेमकं तेच मनाला लावून घेतलं.

लेक एकटी राहायची, पडदे शिवायची. तिच्या मशीनशेजारी बसून पडद्यांत कड्या ओवताना, बायको गेल्यापासून पहिल्यांदाच अण्णांना दिवस पुरेनासा झाला. त्यामुळे ठोके ताळ्यावर आले, धाप पळाली, तरी हे गृहस्थ लेकीकडचा जिना चढताना दर मजल्यावर कठडा धरून असे काही उसासे टाकत की ऐकणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा. लेक पाणी घेऊन धावायची. आयुष्यभर सरळ रंधा मारलेला हा सुतार म्हातारपणी पक्का बनेल झाला होता.

तीन महिन्यांनी हृदयाचा इको काढला. तोंडाने थापा मारता येतात, हृदयाला कोण शिकवणार? पंपिंग पंचावन्न निघालं, म्हणजे जवळजवळ ठणठणीत.

ठोके नियमित झाल्यामुळे हृदयाला भरायला आणि पिळायला सवड मिळाली, असं डॉक्टरीणबाईंनी खुशीत समजावलं. गोळ्या मात्र सोडायच्या नव्हत्या. बाहेर बसलेल्या लेकीला बोलवायला त्या उठल्या, तसे अण्णा हळूच म्हणाले, "तिला थोडं कमी सांगता येईल का? चाळीसबिळीस?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. खोटं सांगणार नाही म्हणाल्या आणि दार उघडलं.

आकडा ऐकून लेक हसली. घरी परतल्यावर अण्णा जिना एका दमात चढले. आता सोंगाला अर्थ नव्हता. खोलीत जाऊन त्यांनी पिशवी काढली आणि शर्टांच्या घड्या घालायला घेतल्या.

"उद्या निघतो," ते म्हणाले. "तुला तरी किती दिवस त्रास द्यायचा."

लेकीने पिशवीतला एक शर्ट काढून फळीवर ठेवला. दुसरा काढला आणि तिला रडू फुटलं.

"आई गेल्यावर मलाही हे घर खायला उठायचं, अण्णा. नुसतं 'या' म्हटलं असतं तर तुम्ही आला असतात? आजारी पडलात म्हणून बोलवता तरी आलं." तिने डोळे पुसले. "जिन्यावरची तुमची धाप खोटी आहे, हे मला कधीच कळलं होतं."

"मग पाणी घेऊन कशाला धावायचीस?"

"तुम्ही बरे झालात असं मीच म्हटलं असतं, तर तुम्ही निघाला असतात."

अण्णांनी उरलेले शर्ट स्वतःच फळीवर ठेवले.