आवळीखालची पंगत

नाही म्हणायची जीभ देवाने परशुरामपंतांना दिलीच नव्हती. कचेरीतल्या कारकुनाला हा गुण शोभतो, पण त्याच्या बायकोने काय करावं? वासंतीच्या घरची शिडी आळीभर हिंडे, पाटा-वरवंटा शेजारच्या गंगुबाईंकडे मुक्कामाला असे, आणि पाऊस उघडल्यावर छत्री कुणाकडे गेली ते खुद्द पंतांनाही सांगता यायचं नाही. माणसाने माणसाच्या उपयोगी पडावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पडावं हो, पण कधी घरच्या माणसाच्याही पडावं की नाही?

एकतीस-बत्तीस सालची गोष्ट. रत्नागिरीत आश्विन लागला आणि वासंतीला बूड टेकायला फुरसत मिळेना. नवरात्र सरतंय तोच भात कापणीला आलं. कापणी अर्ध्यावर असताना मुंबईची बोट लागली आणि नणंद पोराबाळांसह दिवाळीला उतरली. घरची तीन होतीच. मैना थोरली आणि शहाणी, चारू वांड, आणि कमू नुकती रांगायला लागलेली, दिसेल ते तोंडात घालणारी. सगळ्यांची जेवणं उरकून वासंती पानावर बसे तेव्हा आमटी थंडगार आणि भाताचा गोळा झालेला असे. त्यातून पहिला घास उचलला की कमूने भोकाड पसरलंच म्हणून समजा. गरम जेवण कसं लागतं हे ती फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आली होती.

म्हणून पाडव्याला ओवाळल्यावर पंतांनी काय हवं विचारलं, तेव्हा तिने लुगडं मागितलं नाही. आवळीभोजनाला न्यायचं, तिथे ती सगळ्यांच्या पंक्तीला बसून गरम गरम जेवणार आणि वाढणार पंत, असं तिने मागून घेतलं. पंत अर्थातच हो म्हणाले.

नाचणे गावाच्या अंगाला सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या माळावर, त्यांच्या मालकीची एक आवळी होती. आजूबाजूला नुसता कातळ आणि गवत, पण झाड असं डेरेदार की खाली दहा पानं मांडावीत. कार्तिकात आवळीखाली रांधून जेवायचं, आणि पौर्णिमा उलटली की गेलं ते पुढच्या वर्षावर.

पहिल्या ठरल्या दिवशी सकाळीच त्यांचं शेत करणारा महिपत दारात उभा. भात वाळलंय, आजच झोडायला हवं. झोडणीला गडी आले, म्हणजे त्यांचं जेवण आलंच. पुन्हा दिवस ठरवला तर चारूचे गाल फुगले. गालगुंड. तो बरा होतोय तोवर साहेबांची फिरती निघाली आणि पंतांनी कचेरीतल्या दुसऱ्या एका कारकुनाच्या वाटची फिरतीही अंगावर घेतली. वासंतीची भांडी मात्र जरा जोरात वाजली.

बघता बघता तुळशीची लग्नं आली. तुळशीपाशी ऊस लागतो, चिंच लागते, आवळा लागतो. आवळा कुठे मिळेल म्हणून जो तो पंतांना विचारी, आणि पंत खुशाल सांगत, सड्यावर आमचं झाड आहे, न्या तोडून. आपल्या घरासाठी तर त्यांनी पहिल्याच दिवशी पुरुषभर उंचीची फांदी आणली. वृंदावन दिसेना, नुसती फांदीच दिसे.

अखेर पौर्णिमेला मुहूर्त लागला. महिपतची बैलगाडी आली. पातेली, नवे तांदूळ, वालाची डाळिंबी, केळीची पानं, सगळं चढलं. चारूने तुळशीतली फांदी घोडा म्हणून ओढत आणली आणि गाडीत घालायचा हट्ट धरला. सणाच्या दिवशी रडारड नको म्हणून वासंतीने घालू दिली.

सड्यावर पोचल्यावर पंतांनी झाडाकडे पाहिलं आणि गाडीतून उतरायचेच थांबले. आळीनेच नव्हे, बहुधा निम्म्या गावाने तुळशीची लग्नं त्या एका झाडावर उरकली होती. बुंधा आणि चार थोटकं उरली होती. सावली म्हणाल तर बैलाच्या शिंगांची जास्त पडली असती.

"फुटेल पुन्हा," पंत पुटपुटले. पुढे सावलीसाठी छत्रीचं नाव काढणार होते, पण ती घरात नाही हे आठवून वेळीच सावरले.

वासंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. राग आला, फार आला. पंधरा दिवस ज्या चार घासांवर ती दिवस ढकलत होती, ते घासही या माणसाने आळीला वाटून टाकले होते. परत जाऊ या का, असं पंतांनी हळूच विचारलं. तिने तीन दगड मांडले, चूल पेटवली आणि भात शिजवला. मग बुंध्याला हळदकुंकू वाहिलं, पानं मांडली, आणि चारूचा घोडा उचलून पंतांच्या हातात दिला.

"झाड तुम्ही संपवलंत. आता झाड तुम्ही व्हा."

पंतांना नाही म्हणता येत नव्हतं, ते आज पहिल्यांदा घरच्या कामी आलं. फांदी डोक्यावर धरून ते बुंध्याला टेकून उभे राहिले. खाली पंगत बसली. मैनाने वाढलं. कमू त्या सावलीत झोपूनसुद्धा गेली. चारूने राहिलेलं हळदकुंकू बापाच्या पायांना फासलं आणि प्रदक्षिणा घालायला लागला. वासंतीने भातावर तूप घेतलं, घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. चटका बसला. बसू दे.

वर पंतांना घाम फुटला होता. हात भरून आले, पोटात कावळे ओरडत होते, खालून डाळिंबीचा वास येत होता. सगळे जेवत होते आणि आपण तेवढे उभे. वासंतीने वर पाहिलं आणि तिला हसू फुटलं. राग कुठल्या कुठे गेला. तिने हात धुतला आणि उठू लागली.

"द्या ती फांदी इकडे. तुम्ही बसा आता, मी धरते."

पंतांनी फांदी सोडली नाही. ते म्हणाले, "नाही. तू रोजच उभी असतेस. आज बस."

लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून तिने ऐकलेलं हे पहिलंच 'नाही'. ती गुपचूप खाली बसली आणि मैनाला म्हणाली, वाढ गो आणखी.

भात अजून गरम होता.