शिंपीकाकांची मान

मित्रांनो, मी एक जुना लॅरिंगोस्कोप आहे. ऑपरेशनसाठी माणसाला पुरती भूल दिली की त्याला स्वतःहून श्वास घेता येत नाही. तेव्हा जीभ उचलून घशात उजेड पाडायचा आणि श्वासाच्या नळीला वाट दाखवायची, हे माझे काम. अंगाने मी पोलादाचा, पण मनाने पक्का भित्रा.

कारखान्यात मला घासूनपुसून चकचकीत केले, मुठीत सेल घातले आणि इस्पितळात पाठवले. मोठे डॉक्टर म्हणायचे, "हा हातात असला की मला घोर नाही." मी फुलून जायचो. पुढे कॅमेरावाला लॅरिंगोस्कोप आला. त्याला काचेचे कपाट मिळाले आणि मला भूल देणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंच्या कोटाचा खिसा.

त्या खिशातूनच मी शिंपीकाकांना पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचे हर्नियाचे ऑपरेशन होते. मुलीने मोठ्या मिनतवारीने रजा काढली होती, म्हणून काका तपासणीला परीक्षेला बसावे तसे बसले होते. तोंड एवढे उघडले की बाईंची तीन बोटे उभी मावली. कवळीही काढून दाखवली.

"आता मान मागे करा, काका. छताकडे बघा."

काका स्टुलावर कमरेतून मागे कलले. नजर छताला लागली, मान मात्र तसूभरही वळली नाही. पन्नास वर्षे शिलाई मशीनवर वाकून ती आखडली होती.

"दुखतं का?"

"छे हो! मान एकदम ठणठणीत."

बाईंनी कागदावर 'ठीक' लिहिले. मान मागे झुकली नाही, तर मला श्वासाची वाट दिसत नाही. मला ओरडावेसे वाटले, पण मला उजेड आहे, आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी भूल चढली आणि मी काकांच्या तोंडात शिरलो. मान वळेना. नुसती जीभ दिसत होती, श्वासाची वाट कुठेच नाही. काकांच्या रक्तातला प्राणवायू घटू लागला, तसा तो मोजणाऱ्या यंत्राचा सूर खाली खाली जाऊ लागला. मित्रांनो, त्या आवाजाला मी आजही घाबरतो. बाहेर बाकावर मुलगी वडिलांचा चष्मा आणि कवळी मांडीवर घेऊन बसली होती.

"डॉक्टर, थांबा," सिस्टर म्हणाल्या. "आधी मास्कने श्वास देऊ. मोठ्या डॉक्टरांना बोलावलंय."

कवळीविना गाल खोल गेले होते, त्यामुळे मास्क कडेने गळत होता. बाईंनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि सिस्टर हवेची पिशवी दाबत राहिल्या. सूर फार हळू वर चढला. मोठे डॉक्टर धावत आले, कॅमेरावाला आला आणि नळी बसली. ज्याचा इतकी वर्षे हेवा केला, त्याचे पाय धरावेत असे मला वाटले. त्याला पाय नाहीत, ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळी बाईंनी विचारले, "काका, मान वळत नाही हे सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही नापास केलं असतंत, तर पोरीची रजा फुकट गेली असती," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"बाबा, रजा पुन्हा मिळते हो," म्हणत मुलगी रडू लागली.

"चूक माझीही आहे," बाई म्हणाल्या. "मी नजर पाहिली, मान पाहिलीच नाही."

आता बाई म्हाताऱ्या माणसांना ताठ पाठीच्या खुर्चीत बसवतात, खांद्यांवर हात ठेवतात आणि मगच मान मागे करायला सांगतात. तरी प्रत्येक वेळी मी खिशातून त्या मानेकडेच बघत राहतो.

मित्रांनो, घरच्या आजी-आजोबांना तपासणीला न्याल, तेव्हा त्यांच्या शेजारी उभे राहा. ते 'ठणठणीत' म्हणाले, तर खरे काय ते तुम्ही सांगा. माझा दिवा लागतो तेव्हा माणूस झोपलेला असतो, आणि त्याला काही विचारायची वेळ निघून गेलेली असते.