मागे उभं राहायचं काम

डेस्लीला पलंग हवा होता, आणि तोही मधोमध मांडलेला, दोन्ही बाजूंनी उतरता येणारा. बाकी कॅरॅव्हानला चाकं असली म्हणजे झालं.

तिच्या हट्टाला कारण होतं. मोटारीमागे ओढायचं त्यांचं जुनं चौदा फुटी डबडं तिने तीस वर्षं सोसलं होतं. रोज रात्री टेबल मोडून पलंग करायचा, रोज सकाळी पलंग मोडून टेबल. तिचा नवरा कॉल गावच्या कौन्सिलचा ग्रेडर चालवायचा. मर्गन गावाच्या आजूबाजूचे मातीचे रस्ते सपाट करण्यात त्याची उमर गेली, आणि सुट्टी मिळाली की दोघं डबडं घेऊन समुद्राकडे पळायची. आता तो निवृत्त झाला होता. डबडं विकलं, आणि ठरलं की नवीकोरी कॅरॅव्हान घ्यायची आणि देशाला एक पुरी प्रदक्षिणा घालायची. एक वर्ष, घाई नाही, परत कधी यायचं ते नंतर बघू.

इथपर्यंत सगळं गोड होतं. मग कॉलला काय झालं कोण जाणे. तीन आठवड्यांत त्यांनी कॅरॅव्हान विकणारी पाच यार्डं पालथी घातली, आणि प्रत्येक ठिकाणी तो मोठ्या गाड्यांना नाकं मुरडून एकाच प्रकारच्या लहान गाडीपाशी जाऊन उभा राहायचा. सतरा फुटी. आत दोन वेगळे पलंग, एक या भिंतीला, एक त्या भिंतीला, मधून वाट. एक्केचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवरा वेगळा पलंग मागतो याचा अर्थ काय लावायचा, हे डेस्लीला कळेना, आणि कोणाला विचारायची सोय नव्हती. विचारणार तरी काय? बहिणीला सांगितलं असतं तर ती आधी हसली असती आणि मग गावभर केलं असतं.

टूवूंबा शहराच्या बाहेर, हायवेला लागून असलेलं हे सहावं यार्ड. सकाळी साडेनऊला पोचली ती दोघं. गाडी डेस्लीनेच चालवली, कारण कॉलचा घोटा तीन आठवड्यांपासून दुखत होता. यार्डाची मालकीण केरिन पन्नाशीची, पायात कामाचे बूट, बोलायला मोकळी.

"काय हवंय?" केरिनने विचारलं.

"मला मधोमध पलंग," डेस्ली म्हणाली. "ह्याला काय हवंय ते ह्यालाच विचारा. मला सांगत नाही."

"गळणार नाही अशी हवी," कॉल म्हणाला.

केरिनने त्यांना बावीस फुटी गाडीत नेलं. डेस्ली आत शिरली आणि एकेक दार उघडून बघू लागली. ओव्हन होता. कपडे धुवायचं यंत्र होतं, भिंतीत बसवलेलं. आणि मागच्या टोकाला मधोमध पलंग, दोन्ही बाजूंना खिडकी, दोन्ही बाजूंना दिवा. तिने चपला काढल्या आणि सरळ आडवी झाली. छताकडे बघत ती म्हणाली, "कॉल, मला इथेच पुरा."

कॉलचं लक्ष नव्हतं. तो भिंतीवरून हात फिरवत होता. भिंत आणि छत जिथे मिळतात त्या सांध्यावर त्याचं बोट इंच इंच चाललं होतं, मग खिडकीच्या चौकटीभोवती, मग सिंकखालच्या कपाटात कोपरापर्यंत. ह्याला हे काय नवीन, डेस्लीला वाटलं. पूर्वी हा लांबूनच डोळा बारीक करून सांगायचा, कुठे रेघ वाकडी आहे ते. रस्त्याचा उतार नजरेने मोजणारा माणूस.

"सांगाडा लाकडाचा?" त्याने विचारलं.

"ॲल्युमिनियमचा. लाकडाच्या आम्ही ठेवत नाही. पाणी शिरलं की आतून कुजतात आणि बाहेरून कळत नाही."

"आणि वजन?"

"दारापाशी पट्टी आहे बघा, सगळं लिहिलंय."

"तुम्हीच वाचा. चष्मा गाडीत राहिला."

केरिनने वाचलं. कॉल ऐकून म्हणाला, "हे झालं रिकाम्या गाडीचं. पाण्याच्या दोन्ही टाक्या भरल्या, गॅस भरला, हिच्या बिटाच्या लोणच्याच्या बरण्या, हिचं शिवणयंत्र, मग?"

"मग तुमच्या मोटारीला जेमतेम झेपेल," केरिनने कबूल केलं. "ओढेल, पण चढावर रडेल. किंमत ब्याण्णव हजार डॉलर. चहा पिऊन बोललो तर नव्वद."

"माझं शिवणयंत्र मधे आणू नकोस," डेस्ली पलंगावरूनच म्हणाली.

कॉल खाली उतरला. दाराकडे वळताना पलंगाच्या कोपऱ्यावर त्याची नडगी सणकून आपटली. डेस्लीने त्याचा चेहरा बघितला. मग त्याने केरिनला नेमकं तेच विचारलं जे त्याने पाच यार्डांत विचारलं होतं. दोन वेगळ्या पलंगांची आहे का, सतरा फुटी?

होती. एकसष्ट हजार. कॉल आत गेला, दारापाशी उभा राहिला, आणि डेस्लीला वाटलं त्याला घेरी आली, कारण त्याने डोळे मिटले होते. तसाच मिटल्या डोळ्यांनी तो चालला. चार पावलांवर चूल, हात लावला. सहा पावलांवर पलंग, हात लावला. मागे संडासाचं दार, कडी चाचपली, उघडली. वळून तसाच परत दारापाशी आला. कुठे अडखळला नाही.

"हीच," तो म्हणाला. "सरळ वाट आहे."

आता मात्र डेस्लीचं डोकं फिरलं. केरिनकडे वळून ती म्हणाली, "जरा चहाचं पाणी ठेवता का?" केरिन शहाणी बाई. किटली ऑफिसात होती, आणि ऑफिस यार्डाच्या दुसऱ्या टोकाला. ती गेली.

डेस्ली एका पलंगावर बसली. कॉल समोरच्यावर बसला. मधे दीड हाताची वाट.

"हे बघ," ती म्हणाली, "तुला माझ्याशेजारी झोपायचं नसेल तर तसं सांग. मी घोरते, मला माहीत आहे. माझे पाय गार असतात. पण तीन आठवडे मला यार्डायार्डांत फिरवून, परक्या माणसांसमोर वेगळा पलंग मागत राहतोस, हे मला लागतं, कॉल. फार लागतं."

कॉल दचकला. खरंच दचकला. "कोण म्हणालं झोपायचं नाही?"

"मग हे काय आहे?"

"ही वाट आहे," तो म्हणाला, आणि दोघांच्या मधल्या जमिनीवर बूट आपटला. मग तो बूट तिथेच घासत राहिला. शेवटी म्हणाला, "डेस, माझा घोटा दुखत नाही."

"मग गाडी का चालवत नाहीस?" तिने विचारलं.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो, दात दाखवायला गेलो म्हणालो ना, त्या दिवशी. पडद्याचा मधला भाग खराब झालाय. उजवा तर गेलाच. डाव्याला इंजेक्शनं देणार आहेत, पण आहे तेवढा टिकला तरी खूप, असं म्हणाला. कडेचं दिसतं. मधलं नाही. आत्ता मी तुझ्याकडे सरळ बघतोय ना, तर तुझे कान दिसतात. चेहरा नाही." त्याने श्वास घेतला. "गाडी चालवायची नाही म्हणाला. त्या दिवसापासून हात लावला नाही मी स्टिअरिंगला."

डेस्लीला आधी राग आला. दुःख मागून आलं. तीन आठवडे ती ह्या माणसाच्या घोट्याला मलम चोळत होती.

"घोट्याला मलम चोळून घेतलंस माझ्याकडून," ती म्हणाली.

"बरं वाटत होतं."

"गाढव आहेस तू."

"आहे."

"म्हणजे कॅरॅव्हान मी ओढायची. वर्षभर. सगळा देश."

"म्हणून तर लहान बघतोय. बावीस फुटी तू मागे घेऊ शकणार नाहीस, आणि मी नसेन तेव्हा..." तो थांबला. "आणि वाट सरळ हवी, म्हणजे रात्री उठलो तर तुला उठवायला नको. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, जाऊ दे, घरीच बसू. मला घरी बसायचं नाही, डेस. कडेचं दिसतंय तोवर मला सगळं बघायचंय."

डेस्ली रडली. फार नाही, पण रडली. नाक पुसून तिने त्याचा हात धरला. ती त्याचा चेहरा नीट बघत होती आणि त्याला तिचा दिसत नव्हता, हे तिला एकदम सहन होईना. म्हणून ती उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्या अरुंद पलंगावर दोघं जेमतेम मावली.

केरिन तीन कप घेऊन परत आली तोवर डेस्लीचा निर्णय झाला होता. "हाच सांगाडा, हीच लांबी," तिने विचारलं, "पण एकच पलंग, असं काही आहे का?"

केरिन जरा घुटमळली. "आहे एक. गेल्या सालचं मॉडेल, आठ महिने पडून आहे. गाडी पहिल्या दर्जाची, पण पलंग आडवा. तीन बाजूंनी भिंत. आतल्या माणसाला उतरायचं तर बाहेरच्याच्या अंगावरून. तुमच्या वयाची मंडळी तो पलंग बघतात आणि तिथूनच खाली उतरतात. म्हणून त्रेपन्नला देते."

त्यांनी बघितली. दारापासून पलंगापर्यंत सरळ वाट, मधे एक कोपरा नाही. कॉलने सगळे सांधे बोटाने तपासले आणि मान हलवली. डेस्ली पलंगावर चढली.

"तू आत, भिंतीकडे," ती म्हणाली. "मी बाहेर."

"अगं, रात्री तीनदा उठतो मी. दरवेळी तुला तुडवून जावं लागेल."

"तुडव. कुठे गेलास ते कळेल तरी मला."

कॉल भिंतीकडे तोंड करून उगाचच खिडकीची कडी उघडझाक करत राहिला. केरिनने चहाच्या कपात बघितलं.

"बावन्न," डेस्ली म्हणाली. "आणि दाराबाहेर ताणायची कापडी छत्री फुकट. आठ महिने उन्हात वाळलीय बिचारी गाडी."

"बावन्न, छत्री फुकट," केरिन म्हणाली. "पण पैसे द्यायच्या आधी एकदा मागे घेऊन बघा. मी सगळ्यांना सांगते. म्हैस पाण्यात ठेवून मोल करू नये."

मागे घेणं म्हणजे काय, ते डेस्लीला चांगलं माहीत होतं. रात्रीच्या मुक्कामाच्या कॅरॅव्हान पार्कात रोज दुपारी चारला फुकटचा तमाशा असतो. आधी पोचलेली मंडळी घडीच्या खुर्च्या बाहेर टाकतात, हातात थंड बिअर घेतात आणि नंतर येणारे गाडी मागे कशी घेतात ते बघत बसतात. नवरा गाडीत, बायको मागे हात हलवत. बोलावल्याशिवाय कोणी मदतीला उठत नाही, ते अपमानाचं समजतात. त्या दहा मिनिटांत मोडता मोडता राहिलेले संसार डेस्लीने पुष्कळ पाहिले होते. तीस वर्षं ती मागे उभी राहिली होती, आणि दर वेळी कॉलने मागे घ्यायच्या आधी ती एकच प्रश्न ओरडून विचारायची, मी तुला दिसतेय का? कारण नियम असा की आरशात माणूस दिसला तरच मागे यायचं. एकदाच कॉलने उत्तर न देता गाडी मागे घेतली होती, समुद्रकाठच्या यपूनला, आणि पार्कातला नळ मुळासकट उपटला होता. त्या नळाचा उद्धार अजून दर नाताळला होतो.

स्टिअरिंगवर मात्र ती मागे घेताना कधीच बसली नव्हती. तो कधी मागे उभा राहिला नव्हता. वाटणी झाली ती झाली.

केरिनने कॅरॅव्हान त्यांच्या गाडीला जोडून दिली, कुंपणाकडची मोकळी जागा दाखवली आणि बाजूला झाली. आणखी एक जोडपं यार्डात आलं होतं. ते लगेच थांबून बघायला लागलं, सवयच ती. कॉल खिडकीशी आला.

"स्टिअरिंगच्या तळाशी हात धर," तो म्हणाला. "वर नाही, तळाशी. हात जिकडे नेशील तिकडे कॅरॅव्हानची शेपूट जाते. हळू. आणि चुकलं तर पुढे घे, परत मागे. पुढे घेण्यात लाज नाही."

"तू कुठे चाललास?"

"मागे. दुसरं कोण उभं राहणार?"

तो कॅरॅव्हानला एक हात लावून मागे गेला. डेस्लीने उजवा आरसा बघितला. रिकामा. डावा बघितला. कुंपण, खडी, एक कावळा. पहिला प्रयत्न वाकडा गेला, तिने पुढे घेतली. दुसराही वाकडा. ते जोडपं आता केरिनच्या खुर्च्यांवर बसलं होतं.

मग उजव्या आरशात कॉल आला. एक पाऊल बाहेर, अजून एक, पूर्ण दिसेपर्यंत. त्याने दोन्ही हात वर केले होते, तिने तीस वर्षं केले तसेच, तळवे स्वतःकडे. मान जराशी वळवली होती, कडेने बघण्यासाठी. तो आरशाकडे बघत होता की कुंपणाकडे, ते तिला सांगता आलं नसतं.

"डेस," तो ओरडला, "मी तुला दिसतोय का?"

"दिसतोयस," ती म्हणाली. तिने हात स्टिअरिंगच्या तळाशी धरला आणि त्याच्याकडे मागे मागे गाडी घेतली.