कौलं शाकारणारा घोडा

"तुमचा घोडा रोज सकाळी छपरावर का चढतो?"

हे मी भर मीटिंगमध्ये विचारलं. चष्मिस आणि टिंगी, माझ्या दोन मैत्रिणी, पैज लावून बसल्या होत्या की माझी हिंमतच होणार नाही. घ्या, झाली! गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. आता माझ्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणते.

मीटिंग मामाच्या ऑफिसात होती. त्याची कंपनी भलेमोठे गेम बनवते. त्यात अख्खं जग असतं. वाटेल तिकडे भटका, चोर व्हा नाहीतर राजा व्हा. असा गेम ज्याच्या जोरावर चालतो त्याला इंजिन म्हणतात. बाकीच्या कंपन्या ते तयार आणतात. यांचं मात्र घरचं, मामानं स्वतः रचलेलं, आणि त्याचा जीव की प्राण. आम्हा तिघींना नवा गेम खेळून बघायला बोलावलं होतं. येताना मामानं बजावलं होतं, "आज बाई ठरवणार, आपलं इंजिन ठेवायचं की बाहेरचं आणायचं. तू फक्त 'छान आहे' म्हण."

आणि मी घोडा काढला.

बाई म्हणजे कंपनीच्या मालकीण. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "हो, का चढतो?"

मामाचे कान लाल. "त्याचं काय आहे... इंजिनात मी पहिल्यांदा जो चालताफिरता माणूस बनवला, तो कौलं शाकारणारा होता. उजाडलं की स्वारी छपरावर. मग घाईघाईत बाकी सगळे त्याचीच नक्कल करून बनवले. घोडा वरून घोडा आहे, पण आतून..."

"आतून कौलं शाकारतो?"

"गाईसुद्धा. राणीसुद्धा."

"राणी तर चढत नाही!" मी म्हणाले.

"महालाला शिडी लावायची राहिलीय."

टिंगी फिस्सकन हसली. बाई हसल्या नाहीत. "मग काढून टाका ना त्या माणसाला."

"एकदा काढला होता. सगळ्यांचं चालणंफिरणं त्याच्यातूनच येतं, त्यामुळे सगळं जग मटकन खाली बसलं. मासेसुद्धा."

"पुरे. बाहेरचं इंजिन घेऊ."

मामा नुसता माऊसची वायर बोटाला गुंडाळत राहिला. इतक्या वर्षांची त्याची मेहनत मी एका प्रश्नात बुडवली होती!

"थांबा!" मी ताडकन उठले. उठल्यावर कळलं, पुढचं वाक्य तयारच नाहीये. "त्याला काढू नका. त्याच्याही आधीचा एक माणूस बनवा. त्याला उठता, बसता, चालता येतं, बाकी काडीचं काम नाही. मग सगळ्यांना त्याच्यापासून बनवा. कौलवाल्यालाही."

"काहीच काम न करणारा माणूस?" बाईंनी भुवया उंचावल्या. "असा असतो कुणी?"

"माझा दादा."

मामा खो खो हसला आणि मध्येच थांबला. "अगं बये, जमेल की हे!"

"मग आजवर का नाही केलंत?" बाई.

"एकेक प्राणी नव्यानं जोडायचा. मग त्याच्यासमोर बसून बघायचं, सकाळी कुठे चढतोय का. एवढं बघत बसायला आहे कोण?"

"मी!" हे माझ्याच तोंडून निघालं.

बाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "शाळा सुरू होईपर्यंत मुदत. छपरावर एक जरी शेळी दिसली, तर हे इंजिन गेलं."

"घे, आता निस्तर," चष्मिसनं कोपर मारलं.

घरी आल्याआल्या मी आईबाबांना सोफ्यावर बसवलं.

"ओरडायचं ते शेवटी एकदम ओरडा. सुट्टीतल्या गणिताच्या क्लासला मी जाणार नाहीये. उद्यापासून रोज मामाबरोबर ऑफिसला जाणार, कारण घोळ मी घातलाय आणि तोडगाही मीच काढलाय. मामा लवकर निघतो, तेव्हा मला सहाला उठवा. हो बाबा, पहाटे सहाला. मी शुद्धीत आहे."