पंख्यासमोरचा रुमाल

मी एक जुना पिकअप ट्रक आहे, आणि जुना म्हणवून घ्यायला मला मुळीच लाज वाटत नाही. मित्रांनो, १९५४ साली कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा रंग गर्द हिरवा होता. आता तो नेमका कोणता, यावर दोन माणसांचं एकमत होणार नाही. माझा सगळा जन्म कॅन्ससच्या गव्हाच्या मुलखात, एकब्लॅडांच्या शेतावर गेला.

व्हर्नर एकब्लॅडने मला घेतलं तेव्हा तो पंचविशीत होता आणि त्याला शीळ घालायची फार हौस होती. मी त्याला अरेतुरे करतो, कारण आम्ही बरोबरच म्हातारे झालो. मी त्याचा गहू वाहिला, वासरं वाहिली, लग्नानंतर एल्नाची शिवणयंत्राची पेटीही मीच घरी आणली.

माझ्या इंजिनाच्या तोंडाशी एक रबरी पट्टा फिरत असे, अंगठ्याएवढा रुंद. पंखा, पाण्याचा पंप आणि दिव्यांची वीज, सगळं त्याच्याच जिवावर. एकदा एल्ना अंडी घेऊन गावात निघाली असताना तो भर रस्त्यात तुटला. तिने गवताच्या भाऱ्याची सुतळी सोडली, तिची तीनपेडी वेणी घातली आणि ती पुल्यांवर बांधून मला हळूहळू घरी आणलं. व्हर्नर पोट धरून हसला. पण ती वेणी त्याने फेकली नाही, माझ्या सीटमागे टांगून ठेवली.

तेव्हापासून दर वसंतात तो पट्टा बदलायचा. नवा पट्टा घातला की इंजिन सुरू करायचा, मागच्या खिशातून लाल रुमाल काढायचा आणि माझ्या तोंडाच्या जाळीसमोर धरून सोडून द्यायचा. पंखा हवा आत ओढायचा आणि रुमाल जाळीला चिकटून बसायचा. त्यांची लेक, छोटी आर्डिथ, टाळ्या पिटायची. "बाबा, ट्रकने पापा घेतला!" खरं सांगतो, त्या क्षणाची मी वर्षभर वाट बघायचो.

आणि दर नोव्हेंबरात, कडक थंडी पडायच्या आत, तो माझ्या पोटातलं पाणी सोडून द्यायचा. पाणी गोठलं की फुगतं आणि लोखंडही फोडतं.

एल्ना गेली. नंतर एका ऑक्टोबरात व्हर्नर कोठारात कोसळला. अर्धांगवायूने उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. शाळेची बस चालवणारी आर्डिथ नोकरी सोडून त्याच्यापाशी आली. नोव्हेंबर लागला तसा तो खिडकीतून डाव्या हाताने सारखा माझ्या शेडकडे दाखवू लागला. मला कळत होतं तो काय सांगतोय. आर्डिथला वाटलं, उजेडाचा त्रास होतोय. तिने पडदा ओढून घेतला.

त्याच आठवड्यात माझं इंजिन तडकलं. त्यानंतर पाच वर्षं माझ्यात फक्त कोंबड्या बसल्या.

मग एका मे महिन्यात आर्डिथ शेजारच्या रॉइस हॅस्केटला घेऊन आली. रॉइस मेकॅनिक, दोघं एका वर्गातले. त्याने माझं बॉनेट उघडलं आणि टोपी काढून छातीशी धरली.

"हा गेला, आर्डिथ. पाद्रीबाबांना बोलाव."

"नाटकं पुरे. दुसरं इंजिन बसव. जुलैच्या गव्हाच्या मिरवणुकीत बाबा ह्याच्यात बसून जाणार. पुढच्या जुलैचं डॉक्टर काही बोलत नाहीत."

रॉइसने टोपी परत घातली. "आठ सिलिंडरचं एक आहे माझ्याकडे. पण त्याचा अल्टरनेटर खाली लटकतो, ह्याच्या चासीला आपटेल. थोडी चासी कापावी लागेल."

"कापून तर बघ. मी तुझं नाक कापीन."

चासी म्हणजे माझा सांगाडा; तो कापायचा नाही, तर पट्ट्याची वेगळी मांडणी शोधणं आलं. रॉइस तीन दिवस दालचिनीचे रोल खात पुस्तकं चाळत बसला. एका मांडणीत माझ्या जुन्या पट्ट्यासारखेच दोन अरुंद पट्टे होते. दुसरीत एकच लांब, चपटा पट्टा सगळ्या पुल्यांवरून वळसे घेत जात होता. दोन्हींत वीज बनवणारा तो अल्टरनेटर वर बसत होता, चासी वाचत होती. रॉइसला चपटा आवडला. "मिरवणुकीत बॉनेट उघडलं की लोकांनी बघत राहिलं पाहिजे!" पाण्याचा पंप त्याच्या फळीवर अकरा वर्षं खोक्यात पडून होता, कोरा करकरीत. फळीवर वस्तू असताना नवी विकत आणणं म्हणजे इथे पापच. आणि पंखा माझाच, चार पात्यांचा, कारण तो बदलायला आर्डिथ तयार नव्हती.

जुलै उजाडला. इंजिन सुरू झालं आणि पाच वर्षांनी माझ्या अंगात जीव आला. पण मिरवणूक चालते तशा चालीने अंगणात चार फेऱ्या होतात न होतात, तोच माझ्या तोंडातून वाफेचा लोट उठला. रॉइसने रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला. पुन्हा वाफ. मिरवणूक दोन दिवसांवर आली.

"ट्रेलरवर चढवून नेऊ," रॉइस खालच्या आवाजात म्हणाला.

"बाबांना? भंगारासारखं? त्यापेक्षा घरी बसतो आम्ही," आर्डिथ म्हणाली.

तेवढ्यात चाकांच्या वॉकरवर रेलत व्हर्नर अंगणात आला. मी धडधडत उभा होतो. त्याने डाव्या हाताने खिशातून लाल रुमाल काढला आणि माझ्या जाळीसमोर धरला.

"मिस्टर एकब्लॅड, लांब व्हा, भाजेल!" रॉइस ओरडला. आर्डिथने धावत येऊन रुमाल काढून घेतला. "बाबा, त्याचं तोंड नंतर पुसू हं."

व्हर्नरने मान हलवली. हात पुढे केला, रुमाल परत मागितला. तो काय सांगतोय ते मला कळत होतं, पण त्यालाही बोलता येत नव्हतं आणि मलाही. आर्डिथने त्याच्या बोटांकडे पाहिलं. पाच वर्षांपूर्वी खिडकीशीही ती अशीच पुढे व्हायची, आणि तिने पडदा ओढला होता. या वेळी तिने रुमाल परत दिला.

त्याने तो जाळीसमोर सोडला. रुमाल फडफडत उलटा आला आणि त्याच्याच छातीवर बसला.

"रॉइस! पापा घेतला नाही!"

"काय?"

"रुमाल चिकटायला हवा! हा बाहेर फुंकतोय!"

रॉइसने जाळीपुढे हात धरला. मग खाली वाकून पट्ट्याचा मार्ग बोटाने गिरवत गेला आणि तिथेच मटकन बसला. "चपट्या पट्ट्याची पाठ पंपावरून जातेय, म्हणून पंप उलटा फिरतोय. आणि पंपावरच पंखा. या पट्ट्याला उलट्या चालीचा पंप लागतो. माझा फळीवरचा सुलट्या चालीचा." त्याने टोपी काढली. या वेळी नाटक नव्हतं. "मिस्टर एकब्लॅड, तीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय मी. माफ करा."

व्हर्नरने एक बोट वर केलं, मग दुसरं.

"दोन पट्टे," आर्डिथ म्हणाली. "ऐकलंस ना? दोन साधे पट्टे."

शनिवारी मिरवणुकीत मी ट्रॅक्टरांच्या पुढे होतो, माणसाच्या चालीने, पाऊण तास, भर उन्हात. बॉनेट उघडून कोणी बघितलं नाही आणि रॉइसनेही उघडलं नाही. आर्डिथ माझं स्टिअरिंग धरून होती. शेजारी व्हर्नर, मांडीवर एल्नाची वेणी. पुढे जाळीला लाल रुमाल चिकटलेला होता, सबंध रस्ताभर. व्हर्नरला शीळ जमत नव्हती. नुसती हवा निघत होती. पण सूर मी ओळखला.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, धूळ पुसा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरात कोणी बोलू न शकणारं हात वर करत असेल, तर तो हात आधी नीट बघा. मी त्यापायी एक इंजिन गमावलंय.

त्या नोव्हेंबरात व्हर्नरने खिडकीतून पुन्हा माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्यात आता न गोठणारं पाणी आहे, चिंता नव्हती. तरीही आर्डिथ कोट चढवून शेडमध्ये आली, बॉनेट उघडून पाणी बघितलं आणि खिडकीकडे वळून हात हलवला. आता तो पडदा दिवसभर उघडा असतो.