बाबांचं शेवटचं वाक्य

लेखिकाबाई नाकावर माशी बसू देत नसत. का देतील? आधी तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्याही अख्ख्या कवितेत. मग आठवणींचं जाडजूड पुस्तक. आणि साठी उलटल्यावर त्याच आठवणींचं नाटक. तालमीत मात्र गाडी शेवटच्या प्रवेशावर अडली होती.

बाबांचं काम करणारा नट खाटेवर उठून बसला. "बाई, मरणारा माणूस असं यमक जुळवून बोलेल का हो?"

दिग्दर्शकानं तर हातच जोडले. "बाबा खरं काय बोलले, तेवढं सांगा. तुम्ही होतात ना उशाशी?"

होत्या कुठल्या! बाई तेव्हा परगावी कवितावाचन करून टाळ्या घेत होत्या. उशाशी होती धाकटी बहीण. पण बाबांच्या मरणावर कादंबरी लिहिताना बाईंच्या कवितेत दोन मुली काही मावेनात, म्हणून त्यांनी धाकटीला गाळलं आणि वाक्य स्वतःच रचलं. पुढे आठवणी लिहिल्या त्या हीच कादंबरी समोर उघडी ठेवून. वाक्य जसंच्या तसं उतरलं, उशाशी बसलेली मुलगीही उतरली, फक्त आता ती 'मी' झाली. वाचणारे ढसाढसा रडले. हळूहळू बाईंनाही ते खरंच वाटू लागलं. धाकटीनं कधी चकार शब्द काढला नाही.

दिग्दर्शकाचा प्रश्न मात्र बाईंना रात्रभर झोपू देईना, आणि दुसऱ्या दिवशी त्या धाकटीच्या दारात हजर. धाकटी इस्त्री करत होती.

"ताई, तू? वाट चुकलीस की काय?"

"माझंच चुकलं गं," बाई आढेवेढे न घेता म्हणाल्या. "नाटकात उशाशी तूच असशील. बाबा शेवटी काय म्हणाले, तेवढं सांग. नाटक गेलं खड्ड्यात, मला ऐकायचंय."

धाकटीनं इस्त्री बाजूला ठेवली. ओठ हलवून पाहिले.

"साधेच शब्द होते. मी रोज मनात म्हणायचे. मग तुझं पुस्तक आलं. पोरांना शाळेत त्यातलाच धडा लागला, जो तो मला तुझंच वाक्य ऐकवायला लागला. आता बाबांचे ओठ हलताना दिसतात, ताई, आणि ऐकू येतं ते तुझं."

बाईंनी तिचा हात धरला. "आठव ना गं. एखादा शब्द तरी."

"रोज तेच तर करते," धाकटी म्हणाली आणि रडू लागली.