बरगडीतली नळी

'निजला माझा बंधू, जात्याच्या पाळूपाशी
पीठ उडे पापणीशी, फुंकर घालू कशी...'

तीस वर्षांपूर्वीचा चंद्रभागाआक्काचा तो आवाज आसारामच्या कानात अजून कोवळाच होता. आई गेल्यावर त्याला मांडीशी निजवून दळणारी ही थोरली बहीण. विधवा होऊन त्याच्याच घरी परतलेली. आता बीडच्या सरकारी दवाखान्यात ती खाटेवर वाकून बसली होती, आणि एकेका श्वासासाठी खांदे उचलत होती.

छातीत पाणी धरायची ही तिसरी खेप. मागल्या खेपेला पाण्याचा पू झाला, तेव्हा डाक्टरांनी दोन बरगड्यांमधून चिरून रबरी नळी बसवली, कातडीला टाका घालून पक्की केली आणि बजावलं, "पू वाहतोय तोवर बाई जगेल. नळीला हात लावायचा नाही." आसारामनं महिनाभर चिंध्या उकळल्या, पाठ शेकली, आंबील पाजली. त्यांच्या गावात, तलवाड्यात, लोक म्हणत, भाऊ असावा तर असा.

मग आसारामच्या लेकीला बघायला नांदूरघाटचे पाव्हणे यायचे ठरले. नळीचा वास ओसरीपर्यंत यायचा. क्षयाचं घर म्हणून एकदा नाव पडलं, की पोरीच्या दारात कोण उभं राहील? आक्का तापाच्या ग्लानीत असताना त्यानं वस्तऱ्यानं टाका तोडला, नळी ओढली, भोकावर हळद दाबली. पाव्हण्यांनी पुरणपोळी वाखाणली. सुपारी फुटली. आक्काला शुद्ध आली तेव्हा तो म्हणाला, "निजेत निसटली गं." जखम वरून भरली आणि पू आत कोंडला.

"या, चंद्रभागाबाई! हितलं माहेर लईच गोड लागलं जणू," मलमपट्टी करणारी रहेमतबी म्हणाली. आक्का हसायला गेली आणि खोकल्यानं वाकली.

डाक्टरांनी व्रणावर बोट ठेवलं. "नळी कुणी काढली?"

"निजेत निसटली, साहेब. कूस बदलली आसंल म्या."

"टाका होता, बाई. टाका निसटत नाही, तोडावा लागतो. आता बरगडीचा तुकडाच काढावा लागेल. पण घरी जाऊन तुम्ही पुन्हा हेच करणार असाल, तर मी कशाला चिरू?"

आक्कानं हात जोडले. आसारामकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. "तापाच्या भरात मीच तोडला आसंल. माज्या भावाला बोलू नगा, साहेब. त्यानं लई केलंय माजं."

"नशीबवाली हायस बाई," रहेमतबी म्हणाली आणि आसारामकडं कौतुकानं बघत राहिली.

ती नजर त्याला सोसवेना. त्यानं पटका उतरवून हातात घेतला.

"तिनं न्हाई, साहेब," तो म्हणाला. मग खाटेपाशी बसला आणि खाली मानेनंच म्हणाला, "आक्का, टाका म्या तोडला. पाव्हण्यांना तुजा वास येऊ नये म्हून."